डोक्यावर पदर आणि आकाशातून आलेला हात: हे रोमन नाणं कोणाचं?

सातपुडा_चोपडा

नमस्कार मंडळी.

मी चोपड्याला हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. मध्यंतरी नाशिकला नाण्यांचं प्रदर्शन होतं, तिथून पाच बारक्या रोमन नाण्यांचं एक पाकीट घेतलं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "चौथं शतक, ब्राँझ. बाकी तुम्ही शोधा." आठवीच्या वर्गात मुलांच्या हातात द्यायला घेतली होती.

चार नाण्यांवर पुढे चेहरा आणि मागे दोन शिपाई आहेत, त्यांचं नंतर विचारेन. पाचव्यापाशी अडकले आहे. दर्शनी बाजूला उजवीकडे बघणारा चेहरा. डोक्यावरून कापड घेतलंय आणि ते मानेमागून खाली उतरतं. कपाळावर कापडाची किनार अगदी स्पष्ट. मुकुट नाही, पानांची माळ नाही. वर्गातल्या मुलींनी बघताक्षणी सांगितलं, "मॅडम, ही बाई आहे, पदर घेतलाय." पण नाक बाकदार, हनुवटी पुढे आलेली. मला ती बाई वाटत नाही.

मागे चार घोडे उधळलेले, रथ, रथात उभी एक आकृती. आणि वरून, नाण्याच्या काठातून, एक हात खाली आलाय. नुसता हात, धड नाही. भिंगातून बोटं वेगळी दिसतात.

पुढची अक्षरं झिजलीत. सुरुवातीला डी, व्ही, मग सी ओ एन एस, मधलं गेलं, शेवटी जी जी. मागे गोलाकार लेखच नाही, फक्त घोड्यांच्या खाली एस एम ए एल आणि एक अक्षर. आमच्या सोनारांकडे काट्यावर ठेवलं: १.६२ ग्रॅम. रुंदी १५ मिलिमीटरच्या आसपास.

हे कोणाचं? खरं असेल का? आणि स्वच्छ कसं करू? मातीसारखा थर आहे वर.

सराफकट्टा (जळगाव)

ताई, बाकीच्यांची उत्तरं येईपर्यंत एक विनंती. चिंच लावू नका, लिंबू लावू नका, भांडी घासायची पावडर तर अजिबात नाही. आमच्या दुकानात लोक जुनी नाणी पिवळीधमक करून आणतात तेव्हा फार वाईट वाटतं. वरचा काळा-हिरवा थर गेला की त्या थरात असलेली बारीक अक्षरंही जातात. पुन्हा येत नाहीत. कोणाला आधी वाचू द्या, मग स्वच्छतेचं सविस्तर लिहितो.

चिल्लरवाला (अमळनेर)

ताई, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, तो पुरुष आहे. सम्राट कॉन्स्टँटाईन. आणि हे नाणं पाडलं गेलं तेव्हा तो हयात नव्हता.

तुम्ही दिलेली अक्षरं पुरेशी आहेत. पूर्ण लेख असा असतो: डी व्ही कॉन्स्टँटिनस पी टी ए व्ही जी जी. डी व्ही म्हणजे दिवुस, देवपदाला गेलेला. पी टी म्हणजे पिता. ए व्ही जी जी म्हणजे ऑगस्टसांचा; ऑगस्टस ही सम्राटाची पदवी. दोनदा जी आला की एकाहून जास्त ऑगस्टस समजायचे. म्हणजे "दिवंगत कॉन्स्टँटाईन, सम्राटांचा पिता". घोड्यांखालची अक्षरं टांकसाळीची. एस एम ही सम्राटाच्या टांकसाळीची खूण, ए एल म्हणजे अलेक्झांड्रिया. शेवटचं अक्षर तिथल्या कोणत्या खात्यात ठोकलं ते सांगतं. ते ग्रीक असतं, अल्फा, बीटा, गॅमा असं. नाणं इजिप्तमधलं आहे.

डोक्यावरचं कापड म्हणजे टोग्याचाच पदर. टोगा म्हणजे रोमन पुरुष अंगाभोवती गुंडाळत ते वस्त्र. रोमन माणूस यज्ञ-बळीच्या विधीला उभा राहिला की टोग्याचं टोक डोक्यावरून घेई. ऑगस्टस नावाच्या पहिल्या रोमन सम्राटाचा असा झाकल्या डोक्याचा पुतळा रोममध्ये आहे. पुढे दिवंगत सम्राटाचा चेहरा दाखवायचा तर असं डोकं झाकून दाखवायची रीत नाण्यांवर आली. जिवंतपणीच्या नाण्यांवर याच कॉन्स्टँटाईनच्या डोक्यावर मोत्यांची पट्टी असते. इथे ती काढली.

आता जो हात तुम्ही भिंगातून बघितला, त्याच्यासाठी हे नाणं मला फार प्रिय आहे. कॉन्स्टँटाईन २२ मे ३३७ रोजी निकोमेडिया शहराजवळ वारला. सिझेरियाचा बिशप युसेबियस त्याच्याच काळातला. त्याने कॉन्स्टँटाईनचं चरित्र लिहिलं आणि त्याच्या चौथ्या भागात हे नाणं शब्दांत वर्णन करून ठेवलंय: एका बाजूला झाकल्या डोक्याचा सम्राट, दुसऱ्या बाजूला चार घोड्यांचा रथ हाकणारा सम्राट, आणि वरून खाली आलेला उजवा हात त्याला वर घेतोय. जुन्या काळातल्या कितीशा नाण्यांबद्दल आपल्याला असं म्हणता येतं, की ते नवं कोरं असताना बघितलेल्या माणसाने त्याचं वर्णन लिहिलंय? आणि ते नाणं तुमच्या आठवीच्या वर्गात फिरलं.

मी एसटीत कंडक्टर होतो, अमळनेर-शिरपूर, अमळनेर-धुळे. चामड्याच्या पिशवीत हात घातला की न बघता बोटांना कळायचं कोणतं नाणं आहे. माझ्या लहानपणी १९५७ चा नया पैसा होता, ब्राँझचा, १६ मिलिमीटर, दीड ग्रॅमच्या जवळपास. तुमचं रोमन नाणं हातात घेतलं तर तेवढंच लागेल. ही चिल्लर आहे ताई. भाजीवाल्याची, मजुराची, शिपायाची. हेच चित्र सोन्याच्या नाण्यावरही पाडलं, पण सोनं किती जणांच्या हातात येणार? बाप गेला, आकाशाने त्याला हात देऊन वर घेतला, आणि आता राज्य त्याच्या मुलांचं, ही बातमी ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंतही या दीड ग्रॅमने नेली. म्हणूनच मागे लेख नाही असं मला वाटतं. चित्रच पुरेसं होतं.

खरं की खोटं म्हणाल तर तुम्ही दिलेलं वजन, रुंदी, लेख आणि टांकसाळ एकमेकांशी जुळतात. शिवाय ही नाणी अमाप पाडली गेली, आजही स्वस्त मिळतात, त्यामुळे यांची नक्कल करायला फारसं कोणी बसत नाही. तरी काठ एकदा बघा. ओतीव नकलेच्या काठावर साच्याची शिवण दिसते, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात. ठोकून पाडलेल्या नाण्याचा काठ कुठे कुठे तडकलेला असतो.

गिरणाथडी (चाळीसगाव)

काका, छान लिहिलंत. पण दोन गोष्टी खटकतात.

एक. कॉन्स्टँटाईन ख्रिस्ती झाला होता. मरणाआधी बाप्तिस्मा घेतला. मग ख्रिस्ती माणसाला 'देवपदाला गेलेला' कसं म्हणतात? त्यांच्या धर्मात देव एकच ना?

दोन. तुम्ही म्हणता मुलांच्या राज्याची बातमी. मला ते जरा कोरडं वाटतं. बाप गेल्यावर लेकरांनी त्याची आठवण नाण्यावर घातली, यात राजकारणच का शोधायचं? आपल्या बाजूला उलटं उदाहरण आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून अधिक. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकलेला. नहपानाच्या चेहऱ्यावरच! ते राजकारण. त्यामानाने हे तर श्राद्धासारखं आहे.

चिल्लरवाला (अमळनेर)

भाऊ, दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे.

आधी जुनी रीत बघा. सम्राट वारला की रोममध्ये मोठी चिता, गरुड आकाशात सोडायचा, सिनेटने त्याला देवत्व द्यायचं. नाण्यावर 'कॉन्सेक्रॅशिओ', म्हणजे देवत्व दिल्याचा, लेख आणि खाली गरुड, पेटलेली वेदी, कधी चिता, कधी रथ. क्लॉडियस दुसरा, गॉथांना हरवणारा, २७० मध्ये साथीच्या रोगाने वारला. त्याची अशी वेदीची आणि गरुडाची नाणी ढिगाने मिळतात. इतकी, की गावोगावच्या लोकांनी त्यांच्या ओबडधोबड नकला पाडून वापरल्या.

आता कॉन्स्टँटाईनच्या मुलांनी काय ठेवलं आणि काय टाकलं ते बघा. दिवुस ही पदवी ठेवली. डोक्यावरचा पदर ठेवला. रथ ठेवला. वेदी टाकली, गरुड टाकला, कॉन्सेक्रॅशिओ हा लेखही टाकला. आणि हात घातला. तो हात ज्यू आणि ख्रिस्ती चित्रांतला. सिरियात दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं ज्यूंचं प्रार्थनाघर सापडलंय, त्याच्या भिंतींवरच्या चित्रांत देवाचा असाच नुसता हात वरून येतो. बायबलमधला एलिया अग्निरथातून स्वर्गात जातो, ते ख्रिस्ती माणसाला हा रथ बघून आठवणार. जुन्या धर्माच्या माणसाला सूर्याचा रथ आठवणार, जुन्या सम्राटांचं स्वर्गारोहण आठवणार. दोघांनाही नाणं आपलंच वाटावं. अलेक्झांड्रियाच्या बाजारात दोन्ही प्रकारची माणसं एकाच गाड्यावर उभी असायची, आणि चिल्लर तर दोघांनाही तीच. मी हे कपटाने केलंय असं म्हणत नाही. बदलाच्या काळात राहणाऱ्या माणसांना दोन्ही भाषा बोलाव्याच लागतात.

चितेचंही तसंच. त्याला जाळलं नाही, पुरलं. कॉन्स्टँटिनोपलला पवित्र प्रेषितांचं चर्च त्याने स्वतःसाठी तयार ठेवलं होतं, तिथे. अंत्यविधी मधल्या मुलाने, कॉन्स्टँशियसने केला. बाप्तिस्मा देणारा बिशप निकोमेडियाचा युसेबियस, आणि चरित्र लिहिणारा सिझेरियाचा. नाव एक, माणसं दोन, हे वर्गात सांगताना ताईंनी सांभाळावं.

आता राजकारणाचं. २२ मे ला सम्राट गेला आणि मुलांनी ऑगस्टस ही पदवी घेतली ९ सप्टेंबरला. मधले साडेतीन महिने कारभार मेलेल्या सम्राटाच्याच नावाने चालला. आणि त्याच उन्हाळ्यात कॉन्स्टँटिनोपलला घरातलीच माणसं कापली गेली. कॉन्स्टँटाईनचा सावत्र भाऊ ज्युलियस कॉन्स्टँशियस, पुतणे डाल्मेशियस आणि हॅनिबॅलियानस, आणखी काही नातेवाईक. डाल्मेशियसला तर कॉन्स्टँटाईनने स्वतः ३३५ मध्ये सीझर, म्हणजे दुय्यम सम्राट, केलं होतं, राज्याचा वाटाही नेमून दिला होता. सैनिकांनी मारलं असं सांगण्यात आलं. लहान म्हणून वाचलेला ज्युलियन पुढे सम्राट होताना दोष सरळ कॉन्स्टँशियसवर ठेवतो.

हे डोक्यात ठेवून लेख पुन्हा वाचा. सम्राटांचा पिता. तो कोणाचा सासरा होता, कोणाचा चुलता होता, ते नाही. फक्त पिता. ज्यांना राज्यात वाटा मिळायचा होता त्या पुतण्यांना या चार शब्दांत जागाच नाही. भाऊ, लेकरांना दुःख नव्हतं असं मी कसं म्हणू? असणारच. पण दुःख करणाऱ्याला बापाच्या नावापुढे आपला हक्क लिहायची गरज का पडते, हा प्रश्न मला सोडत नाही. ज्या सुताराकडे, माळ्याकडे हे नाणं गेलं असेल त्याला कॉन्स्टँटिनोपलच्या वाड्यात काय झालं हे कोणी सांगितलं नसेल. त्याच्या हातात फक्त हा झाकल्या डोक्याचा बाप आणि त्याची मुलं आली.

आणि ही युक्ती मुलांनी घरातूनच उचलली. खुद्द कॉन्स्टँटाईनने ३१७-३१८ च्या सुमारास तीन दिवंगत सम्राटांची बारकी नाणी पाडली होती: वडील कॉन्स्टँशियस, सासरा मॅक्झिमियन आणि तोच क्लॉडियस दुसरा, ज्याला त्याने आपला पूर्वज म्हणून जाहीर केलं होतं. त्या नाण्यांवरही डोक्यावर पदर. मागे खुर्चीवर बसलेला झाकल्या डोक्याचा सम्राट, नाहीतर गरुड, नाहीतर सिंह. सासऱ्याचं तर विशेष. ३१० मध्ये त्याने जावयाविरुद्ध बंड केलं, त्यातच त्याचा शेवट झाला, आणि पुढे त्याच जावयाने त्याला दिवुस करून नाण्यावर बसवलं.

जोगळटेंभीचं उदाहरण मात्र तुम्ही फार चांगलं दिलंत. शत्रूच्या चेहऱ्यावर आपला छाप ठोकणं काय आणि बापाच्या चेहऱ्याभोवती आपला हक्क लिहिणं काय, दोन्हींत जिवंत माणूस मेलेल्याच्या नाण्यावर बोलतोय.

सराफकट्टा (जळगाव)

काका, वाचून अंगावर काटा आला.

मला यात शिवराई आठवली. मोडीच्या तांब्यात आजही एखादी येते. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति. लोकांना वाटतं की सगळ्या शिवराया महाराजांच्या हयातीतल्या. महाराज १६८० मध्ये गेले, आणि तोच लेख घालून शिवराई पुढे पेशवाईतही पाडली जात होती. ती आठवणीचं नाणं म्हणून काढलेली नव्हती हे कबूल. पण बाजारात शिवराई चालायची ती त्या नावावर. कोणी आणली तर मी मोडीत घेत नाही, परत देतो आणि देवघरात ठेवा म्हणतो.

आता ताई, स्वच्छता. डिस्टिल्ड वॉटर आणा, बॅटरीत घालतात ते. काचेच्या वाटीत नाणं बुडवून ठेवा, पाणी गढूळ झालं की बदला. घाई नको, आठवडे लागू द्या. मग ओलं असतानाच बाभळीचा काटा घेऊन माती उचला. काटा लोखंडी सुईपेक्षा मऊ आणि लाकडी टूथपिकपेक्षा टोकदार, त्यामुळे अक्षराच्या खाचेत नेमका जातो. घड्याळवाले डोळ्याला लावतात ते भिंग लावा. काटा आडवा धरायचा, खुपसायचा नाही. माती सुटते तेव्हा हाताला कळतं, आणि थर लागला की काटा घसरतो, तिथे थांबायचं. वाळवताना आधी कापडाने टिपा, मग टेबललॅम्पच्या उबेत ठेवा.

एक मात्र बारकाईने बघा. कुठे फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी निघते का? गडद हिरवा टणक थर चांगला असतो, ही भुकटी वाईट. तो धातूचा रोग आहे, क्षारामुळे होतो, दमट हवेत वाढतो आणि नाणं आतून खातो. असं असेल तर ते बाकीच्या चारांपासून वेगळं करा. एरवी आपल्याकडची हवा कोरडी म्हणून बरं, पण पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाका. आणि वर्गात फिरवून झालं की पुसून ठेवा, मुलांच्या हाताच्या घामातही मीठ असतं.

प्रकाशेकर

राम राम मंडळी. आमना वावरमा बी नांगरतांना असा बारका पैसा निंघतस. तापीच्या काठचं वावर आहे. हिरवे झालेले, काही चौकोनी, काही गोल. चौकोनीवर हत्तीसारखं काहीतरी आहे. रोमन असतील का? आणि विकले तर चालतात का? एक जण घ्यायला तयार आहे.

गिरणाथडी (चाळीसगाव)

दादा, विकू नका. आधी हे वाचा.

कायदा १८७८ चा आहे, भूमिगत धनाचा. जमिनीत दडलेला ठेवा सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये ही मर्यादा आजही तीच, म्हणजे जवळपास काहीही सापडलं तरी कळवायचं. कळवलं म्हणजे तुमचं गेलंच असं नाही. ज्याला सापडलं त्याच्या आणि जमीनमालकाच्या हक्काची तरतूद त्यात आहे. लपवलं तर मात्र हक्कही जातो आणि वर शिक्षा.

पण कायद्यापेक्षा मला दुसरं सांगायचंय. तुमचं गाव साधं नाही. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशाच्या टेकाडावर पुरातत्त्व खात्याने १९५५ मध्ये उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळापासून पुढे वस्तीचे थरावर थर तिथे आहेत. इकडे आमच्या तालुक्यात गिरणाकाठी बहाळला त्याच दशकात खोदकाम झालं. हत्तीचं चौकोनी तांब्याचं नाणं रोमन नसतंच, आपल्याच मातीतलं जुनं नाणं असणार, आणि तुमच्या वावरात ते कोणत्या जागी, किती खोल, कशाच्या शेजारी निघालं याला नाण्याइतकीच किंमत आहे. घेणारा माणूस नाणं नेईल, जागा मागे राहील आणि दोघांचाही अर्थ जाईल. कागदावर वावराचा नकाशा काढा, जिथे निघालं तिथे फुली मारा, तारीख टाका. फोटो काढा. मग तहसील कचेरीत जाऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज द्या. शहादा लांब नाही.

ताईंनी विचारलं नाही, पण वर्गात कोणीतरी विचारेलच, की रोमन नाणी खान्देशात यायची का. रोमन व्यापार आपल्या अंगणातून जात होता हे नक्की. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तकात भरूच बंदरापासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, असं दिलंय. भरूचहून पैठणला जायचं तर तापी ओलांडल्याशिवाय कसं जाणार? पण ताईंचं नाणं त्यानंतर जवळपास तीनशे वर्षांनी पडलेलं. चौथ्या-पाचव्या शतकातली अशी बारकी रोमन ब्राँझ नाणी भारतात सापडतात ती मुख्यतः तमिळनाडूत, करूरला अमरावती नदीच्या पात्रात, मदुराईला, आणि समुद्रापलीकडे श्रीलंकेत तर हजारोंनी. तिथे ती चिल्लर म्हणून वापरात होती, इतकी की कमी पडल्यावर तिथेच तशी नाणी बनवली. प्रदर्शनातल्या पाकिटातलं नाणं मात्र कुठल्या मातीतून निघालं ते आता कोणालाच सांगता येणार नाही. ते खान्देशात सापडलं असं कृपया वर्गात सांगू नका.

प्रकाशेकर

भाऊ, समजलं. घेणाऱ्याला नाही म्हणून सांगतो. फुली मारायची कल्पना आवडली, म्हातारीला नेमकी जागा माहीत आहे, तिलाच दोन सापडले होते. या आठवड्यात शहाद्याला जातो.

सातपुडा_चोपडा

काका, भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार. आज वर्गात सांगितलं. बाई नाही, सम्राट आहे, म्हटल्यावर मुली नाराज झाल्या, पण पदर का घेतलाय हे ऐकल्यावर एकीने विचारलं, "मग मॅडम, बायकांची अशी नाणी नव्हती का?" पुतण्यांचं सांगितलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. मुलांना तर मारलेल्या डाल्मेशियसचंच जास्त पडलंय. त्याचं नाणं असतं का, असं विचारत होते.

नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवलंय. आणि भिंगातून बघितलं, शेवटचं अक्षर ए सारखं आहे.

आता उरलेली चार. सगळ्यांवर मागे समोरासमोर दोन शिपाई, हातात भाले, मधे काठीवर निशाण. चारही एकसारखीच वाटतात, म्हणून त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं.

चिल्लरवाला (अमळनेर)

ए म्हणजे अल्फा, पहिलं खातं. झालं तुमचं नाणं पूर्ण.

त्या मुलीला सांगा, होती. याच घराण्यातल्या दोघींची. कॉन्स्टँटाईनची आई हेलेना आणि सावत्र आई थिओडोरा. दोघींच्या निधनानंतर, त्याच्या मुलांनी ३३७ नंतरच्या वर्षांत पाडलेली, तुमच्या नाण्याएवढीच बारकी. थिओडोरा ही मारल्या गेलेल्या पुतण्यांची सख्खी आजी. तिचं नाणं पाडायचं कोणाला सुचलं असेल, यावर जाणकारांत अजून वाद आहे. डोक्यावर पदर मात्र त्यांच्या नाही, केसांची रचना दाखवलीय.

आता ती शिपायांची चार नाणी. एकसारखी नाहीत ती, निशाणं मोजा. दोन शिपायांच्या मधे दोन निशाणं असतील तर नाणं ३३० ते ३३५ मधलं. एकच निशाण असेल तर ३३५ च्या पुढचं, ३४१ पर्यंतचं; तेव्हा नाण्याचं वजन कमी केलं आणि आकार लहान झाला म्हणून एक निशाण काढून टाकलं. सोनाराच्या काट्यावर तोलून बघा, फरक दिसेल. मुलांना तोलायला द्या, त्यांनाच शोधू द्या.

आणि एका निशाणाचं जे असेल त्याची दर्शनी बाजू नीट बघा. सुरुवातीला एफ एल आणि मग डी ई एल एम किंवा डी ए एल एम वाचता येतंय का? असेल तर ते डाल्मेशियसचं. त्याची नाणी फक्त ३३५ ते ३३७ या काळातली, त्यानंतर एकही नाही. तुलनेने कमी मिळतात, पण न निवडलेल्या पाकिटात कधी कधी निघतात. अक्षरं मातीने भरली असतील तर आधी पाण्यात ठेवा, काटा लगेच लावू नका. चारही नाण्यांच्या दोन्ही बाजूंचे फोटो टाका, सकाळच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश न मारता. मी रात्री बघतो.